शेजारच्या खुर्चीवर कोण बसतं?

"टीबी है. फेफडों की," डॉक्टर म्हणाल्या आणि त्यांनी रिपोर्ट माझ्याकडे फिरवला.

मी रिपोर्टकडे न बघता आधी घड्याळाकडे बघितलं. साडेअकरा वाजले होते आणि बारा वाजता साहेबांकडे मीटिंग होती. हे लिहिताना मला माझीच चीड येते आहे, पण खरं लिहायचं नसेल तर हे लिहिण्यात काही अर्थच नाही.

रिपोर्टवर सीबीनॅट असं लिहिलं होतं. ही बेडक्याची तपासणी. खोकून काढलेला बेडका मशीनमध्ये घालतात आणि त्यात क्षयाचे जंतू आहेत का, असले तर मुख्य औषधाला दाद देतील का, हे काही तासांत कळतं. माझे जंतू दाद देणारे निघाले. तेवढी सभ्यता त्यांनी दाखवली.

"खाँसी कब से है?"

"ढाई महीने से."

"और ऑफिस?"

"एक दिन भी छुट्टी नहीं ली, मैडम."

हे मी चक्क अभिमानानं सांगितलं. डॉक्टरांनी पेन खाली ठेवलं आणि माझ्याकडे नीट बघितलं. शाबासकी काही दिली नाही.

"बगल में कौन बैठता है?"

"कोई नहीं. मेरा अलग केबिन है."

केबिन वगैरे काही नव्हतं. खिडक्या बंद असलेल्या एसीच्या खोलीत आम्ही सात जण बसायचो. माझ्या डाव्या बाजूला, हात लांब केला तर लागेल इतक्या जवळ, सुनीता बसायची.

मी केंद्र सरकारच्या एका मंत्रालयात सेक्शन ऑफिसर आहे. मूळची नागपूरची, एकोणीस वर्षांपासून दिल्लीत. लक्ष्मीबाई नगरच्या क्वार्टरमध्ये नवरा मिलिंद आणि अकरावीतली साक्षी, एवढाच आमचा संसार. सुनीता आमच्याकडची डेटा एंट्री ऑपरेटर. चाळिशीची, पालमहून यायची, एका एजन्सीमार्फत कंत्राटावर होती. सहा वर्षं माझ्या शेजारी बसली. माझ्या डब्यातल्या झुणका-भाकरीचं नाव तिला कधी नीट घेता आलं नाही, पण ती आवडायची फार. तिला शुगर होती, त्यामुळे ठोक एक वाजता ती डबा उघडायची. तेव्हा साहेब समोर उभे असले तरी तिला पर्वा नसे. त्या खोलीत तेवढी एकच शहाणी बाई होती.

खोकला दिवाळीनंतर सुरू झाला. दिल्लीत त्या दिवसांत जो खोकत नाही त्याच्याकडेच लोक संशयानं बघतात. हवा राखेच्या रंगाची झालेली, सगळ्यांचे घसे बसलेले, प्रत्येकाच्या पिशवीत खोकल्याची बाटली. माझ्या खोकल्याला त्या गर्दीत कोण विचारतंय? मीसुद्धा विचारलं नाही. संध्याकाळी अंग कोमट व्हायचं, रात्री मानेखालची उशी घामानं ओली व्हायची, सलवारची नाडी दर आठवड्याला थोडी जास्त आवळावी लागायची. बारीक होत चाललीस म्हणून बिल्डिंगमधल्या बायकांनी कौतुक केलं, ते मी खुशाल स्वीकारलं.

मग अधिवेशन लागलं. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगते. संसदेचं अधिवेशन असलं की खासदारांचे प्रश्न येतात आणि त्यांची उत्तरं ठरलेल्या वेळेत मंत्र्यांच्या टेबलावर जावी लागतात. त्या काळात रजा बंद. तसा नियम कुठे लिहिलेला नाही. लिहिलेला असता तर त्याच्याशी भांडता तरी आलं असतं. साहेब फक्त म्हणायचे, "सेशन है." एवढ्या दोन शब्दांवर लोकांनी वडिलांचं ऑपरेशन पुढे ढकललेलं मी पाहिलं आहे.

साहेब म्हणजे आमचे उपसचिव. स्वतः तापातही यायचे आणि आल्याचं दिवसभर सांगायचे. "एक सौ दो है, फिर भी आया हूँ." मग बाकीच्यांनी शंभरवर घरी बसायचं कोणत्या तोंडानं?

आणि आमच्याकडे बरणी होती. लोणच्याची रिकामी काचेची बरणी, प्रिंटरच्या बाजूला ठेवलेली. तिच्यात पॅरासिटामॉल, सर्दीच्या गोळ्या, अॅसिडिटीच्या गोळ्या, खोकल्याच्या चघळायच्या गोळ्या. अधिवेशनाआधी सगळ्यांनी घरून आणून ती भरायची आणि मग ज्याला जे दुखेल त्यानं काढून घ्यायचं. दुसऱ्या सेक्शनचे लोक बघायला यायचे, "वाह, क्या टीम है" म्हणायचे. ती बरणी नऊ वर्षांपूर्वी मी सुरू केली होती. त्या हिवाळ्यात दिवसाला तीन वेळा माझा हात तिच्यात जायचा. ताप उतरायचा, फाइल पुढे सरकायची, आणि मी त्या बंद खोलीत खोकत राहायचे.

आता कोणी विचारेल, बाई, पण तुला एवढं काय पडलं होतं? सरकारी नोकरी, रजा साठलेली, कोण काढणार होतं तुला?

त्याचं उत्तर देते. मी राखीव जागेवर लागले. नोकरीच्या पहिल्याच महिन्यात आमच्या समाजातलाच एक सहकारी आजारी पडून रजेवर गेला. तेव्हा चहाच्या टेबलावर एक जण हसत म्हणाला, "कोटे से आते हैं, मेडिकल पे जाते हैं." त्याला यमक जुळल्याचा आनंद झाला होता. बाकीचे हसले. मीही कपात बघत थोडी हसले, आणि त्या हसण्याची मला आजही किळस येते. त्या रविवारी मी नागपूरला बाबांना फोन केला. बाबा पोस्टात कारकून होते. ते म्हणाले, "तू एक दिवस घरी बसलीस तर तुझं एकटीचं नाव नाही निघणार बेटा, आपल्या सगळ्यांचं निघेल. तशी वेळ येऊ देऊ नकोस."

मी येऊ दिली नाही. एकोणीस वर्षांत बाळंतपण सोडलं तर आजारपणाची एकही रजा नाही. डेंग्यूत गेले, पाय मुरगळला तेव्हा काठी घेऊन गेले. त्या यमकवाल्या गृहस्थाची पाठदुखीची रजा वर्षातून दोनदा असायची आणि त्यावर कोणी यमक केलं नाही. मी मात्र त्याला उत्तर देण्यासाठी माझं फुफ्फुस पणाला लावलं, आणि त्याला हे माहीतही नाही. तो केव्हाच दुसऱ्या मंत्रालयात गेला.

जानेवारीत एका सकाळी ऑफिसच्या बेसिनमध्ये खोकले तर लाल पडलं. टोमॅटोचं साल असेल म्हणून मी नीट वाकून बघितलं. सुनीता मागे उभी होती. तिनं माझी पर्स आणून माझ्या खांद्याला अडकवली, लिफ्टपर्यंत हात धरून आणलं आणि म्हणाली, "आज आप डॉक्टर के पास नहीं गयीं तो मैं साहब को जाके बोलूँगी, समझीं?" दोन दिवस ऑफिस सांभाळून तपासण्यांत गेले. एक्स-रेत उजव्या फुफ्फुसाच्या वरच्या भागात खड्डा दिसला. त्याला कॅव्हिटी म्हणतात, जंतूंनी पोखरलेली जागा. तिसऱ्या दिवशी तो रिपोर्ट, घड्याळाकडे बघणं आणि केबिनची थाप.

रक्त पडत होतं म्हणून मला नऊ दिवस भरती करून घेतलं. त्याला हिमॉप्टिसिस म्हणतात, खोकल्यातून रक्त येणं. वेगळ्या वॉर्डातली खिडकीजवळची खाट मिळाली. चार औषधांच्या गोळ्या रोज सकाळी एकदम घ्यायच्या. पहिल्या दिवशी लघवी केशरी झाली, तेव्हा मी घाबरून नर्सला बोलावलं. ती म्हणाली, "दवाई का रंग है, डरना नहीं." तुम्हालाही होईल, घाबरू नका.

भरती झाल्याच्या दुसऱ्या दिवशी साहेबांचा फोन. मला वाटलं, तब्येत विचारायला केला असेल. विचारलीही, साधारण चार सेकंद.

"आप बिल्कुल आराम कीजिए. बस वो एक फाइल आपके लॉगिन में अटकी है, फॉरवर्ड कर दीजिए. ओटीपी आएगा आपके फोन पे."

एका हाताला सलाइन होतं. दुसऱ्या हातानं मी त्यांना ओटीपी वाचून दाखवला. नऊ दिवसांत अकरा वेळा. साक्षी मास्क लावून दारात उभी होती. ती म्हणाली, "आई, तू पागल आहेस का? तुला इथे ब्लड येतंय आणि तू नंबर सांगतेस त्यांना?"

मी तिला गप्प बसायला सांगितलं. सेशनची तयारी आहे बेटा, म्हणाले. ती रागानं निघून गेली. बरोबर केलं तिनं.

डॉक्टर सुट्टी देताना पुन्हा म्हणाल्या, "दो-तीन हफ्ते ठीक से दवाई लेंगी तो आमतौर पर दूसरों को खतरा नहीं रहता. पर उससे पहले आप जिनके साथ बंद कमरे में बैठी हैं, उनकी जाँच होनी चाहिए. ऑफिस में बता दीजिए."

मी हो म्हणाले. रजेसाठीच्या सर्टिफिकेटवर इन्फेक्शन एवढंच लिहाल का, असंही विचारलं. त्या म्हणाल्या, "झूठ नहीं लिखूँगी." मग मी ते सर्टिफिकेट पाकिटात बंद केलं, वर 'गोपनीय' असं लिहिलं आणि प्रशासन शाखेकडे पाठवून दिलं. सेक्शनच्या ग्रुपवर टाकलं, फुफ्फुसाला इन्फेक्शन आहे, लवकरच हजर होईन. हात जोडलेली चित्रं आली, फुलं आली. साहेबांनी लिहिलं, "सेक्शन मिसेज यू." खाली लगेच दुसरा मेसेज, एका प्रलंबित फाइलबद्दल.

आठवड्यानं क्षयरोग विभागाची आरोग्य कर्मचारी घरी आली. साधी, हसरी बाई. तिनं वही उघडून घरच्यांची नावं घेतली, मिलिंद आणि साक्षीची तपासणी ठरवली. दोघांचे रिपोर्ट पुढे चांगले आले. मग तिनं विचारलं, "ऑफिस में साथ कौन बैठता है?"

मिलिंद चहा घेऊन दारात आला होता. त्यानं माझ्याकडे बघितलं. मी म्हटलं, "अलग केबिन है."

ती गेल्यावर मिलिंद म्हणाला, "वैशाली, सुनीताला तरी सांग."

"सांगितलं तर काय होईल माहीत आहे ना? उद्या सगळ्या मजल्यावर बोभाटा होईल. म्हणतील, या लोकांच्या वस्तीतले आजार, घेऊन आली इथे. एकोणीस वर्षं काढली मी, आता हे ऐकायला?"

"आणि तिला झालं तर?"

"सगळ्यांना कुठे होतो?"

तो कप ठेवून बाल्कनीत गेला. मला त्याचा राग आला, कारण तो बरोबर होता आणि मला झोपायचं होतं.

फेब्रुवारीत औषधांनी लिव्हर बिघडलं. उलट्या, डोळे पिवळे. लिव्हर फंक्शन टेस्ट म्हणजे यकृत कसं काम करतंय ते बघणारी रक्ताची तपासणी दर चार दिवसांनी. गोळ्या थांबवल्या, मग एकेक करून परत सुरू केल्या. वजन अकरा किलोनं उतरलं. नागपूरहून आईचा रोज फोन, "क्षय म्हणजे दूध-अंडी लागतात, घेतेस ना?" साक्षीनं विचारलं, क्षय म्हणजे काय. तिला टीबी कळतं, क्षय कळत नाही. मी म्हटलं, झिजत जाणं.

रुग्णालयाच्या बाकांवर मी त्या महिन्यात जेवढी माणसं पाहिली, त्यातली निम्मी तरी माझ्यासारखीच उशिरा आलेली होती. गुडगावच्या कॉल सेंटरमधला एक जण नाइट शिफ्ट चुकू नये म्हणून दोन महिने खोकल्याचं औषध पीत राहिला. नोएडाच्या एका शाळेतल्या बाई परीक्षा संपायची वाट बघत होत्या. आम्ही सगळे आपापल्या कर्तव्यनिष्ठेच्या गोष्टी एकमेकांना सांगत होतो आणि सांगताना खोकत होतो. कुठल्याही मालकाला यापेक्षा स्वस्त मूर्ख मिळाले नसते.

मग मार्चमधला तो फोन. इतका वेळ मी त्याच्याभोवती फिरते आहे.

दुपारची वेळ होती. सुनीताचा फोन आला. ती दर आठवड्याला करायची. सेक्शनमधून स्वतःहून फोन करणारी ती एकटीच. बरणी यंदा तिनं भरली, साहेबांनी नवीन प्रिंटर मागवला आणि तो चालत नाही, असं सगळं सांगत होती. मध्येच तिला खोकला आला. फोन तोंडापासून दूर धरून ती खोकली, तरी मला पूर्ण ऐकू आलं. कोरडा, खोलवरून येणारा, थांबता थांबत नाही असा. मी तो ओळखला. अडीच महिने तो माझ्याच छातीत राहिला होता.

"सॉरी मैडम," ती म्हणाली. "पंधरा-बीस दिन से है. शाम को थोडा बुखार भी लगता है. बरणी से गोली ले लेती हूँ."

बरणी हा शब्द तिनं माझ्याकडूनच घेतला होता.

मी म्हणाले, "मौसम बदल रहा है. भाप ले लो."

"हाँ, वही होगा," ती म्हणाली. आणि मला म्हणाली, "आप अपना ध्यान रखिए."

फोन ठेवला. मी उठून तोंड धुतलं, परत पडले. त्या वेळी मी काय विचार केला ते मला आठवतं आणि ते मी इथे लिहिते: तिला खरंच साधा खोकला असेल, आणि नसला तर ती आपणहून डॉक्टरकडे जाईल, म्हणजे मला काही सांगावं लागणार नाही.

तीन आठवडे मी असे काढले. तीन आठवड्यांनी साक्षीनं जेवताना सहज विचारलं, "आई, सुनीता आंटी तुझ्या शेजारी बसते ना, तिची टेस्ट झाली?" मी म्हटलं, झाली असेल. ती म्हणाली, "झाली असेल म्हणजे? तू विचारलं नाहीस?" मिलिंद मान खाली घालून जेवत राहिला. मी अर्धी पोळी ताटात टाकून उठले आणि डॉक्टरांची वेळ घेतली.

दुसऱ्या दिवशी मी डॉक्टरांसमोर बसून सांगितलं, केबिन नाही. सात जणांची खोली आहे. शेजारी सुनीता बसते, तिला शुगर आहे आणि दीड महिना खोकला आहे. डॉक्टर ओरडल्या असत्या तर बरं झालं असतं. त्यांनी फक्त नावं लिहून घेतली.

आरोग्य विभागाची माणसं सेक्शनमध्ये गेली. बाकी सगळे सुटले, सुनीता पॉझिटिव्ह. मी डॉक्टरांना विचारलं, माझ्यामुळेच का? त्या म्हणाल्या, "ये कोई पक्का नहीं बता सकता. दिल्ली में किसी से भी हो सकती है. शुगर में जल्दी होती है." मग म्हणाल्या, "पर आप पहले दिन बता देतीं तो जल्दी पकड में आती."

यातलं पहिलं वाक्य मला बऱ्याच लोकांनी नंतर मलमासारखं लावायला दिलं. पक्कं कोण सांगणार, असं म्हणतात. मी ते लावून घेत नाही. दुसरं वाक्य पक्कं आहे.

साहेबांचा त्याच दिवशी फोन आला. "आपने तो पूरे सेक्शन को बदनाम कर दिया. क्वेश्चन का टाइम है, लोग घबराए हुए हैं." अडीच महिने त्यांच्या टेबलासमोर उभी राहून मी खोकत होते, तेव्हा कोणी घाबरलं नव्हतं. माझा आवाज चढला. आयुष्यात पहिल्यांदा मी एका उपसचिवाशी बोलता बोलता फोन ठेवून दिला.

सुनीताला कोणी काढलं नाही. काढलं, असा शब्द कुठेच नाही. ती तीन दिवस आली नाही, चौथ्या दिवशी एजन्सीनं दुसरी ऑपरेटर पाठवली, बस. मला चार महिने रजा मिळाली, खुर्ची माझी राहिली, टेबलावरचं माझं कॅलेंडरसुद्धा कोणी हलवलं नाही. ज्या आजारात मी रजा घ्यायला लाजत होते, त्याच आजारात तिला घ्यायला रजाच नव्हती. मी कोणाला काय सिद्ध करून दाखवत होते, याचा हिशेब मला तिथे लागला.

मे महिन्यात हजर झाले. हजर होताना फिटनेस सर्टिफिकेट द्यावं लागतं, ते मी या वेळी पाकिटात घातलं नाही. खोलीच्या मध्यभागी उभी राहून सांगितलं, मला टीबी झाला होता, मी लपवला, सुनीताला त्यामुळे उशिरा कळलं. एक जण म्हणाला, "अरे छोडिए मैडम, हो जाता है." साहेब म्हणाले, "पर मानना पडेगा, ढाई महीने खाँसती रहीं, फिर भी एक छुट्टी नहीं ली आपने. डेडिकेशन." हे ते मनापासून बोलले. त्या माणसाला अजूनही काही समजलेलं नव्हतं आणि समजणारही नव्हतं, हे मला त्या क्षणी लख्ख दिसलं.

सुनीताला परत घ्यावं म्हणून मी नोट लिहिली. शेरा आला, एजन्सीचा मामला आहे. पुन्हा लिहिली, तोच शेरा. तिसरी नोट अजून वर कुठे तरी पडून आहे.

बरणी भरलेली होती. मी ती उचलून कपाटात ठेवली आणि कुलूप लावलं. दुसऱ्या दिवशी प्रिंटरच्या बाजूला नवी बरणी होती.

पावसाळी अधिवेशनात मला एकदा ताप आला. साधा, व्हायरल. अकरा वाजता मी पर्स उचलली. साहेब म्हणाले, "मैडम, सेशन है."

"मालूम है, सर," मी म्हणाले आणि घरी येऊन झोपले. प्रश्नांची उत्तरं गेली, संसद चालू राहिली. मागे कोणी कोट्याबद्दल बोललं असेल. बोलू दे. बाबांना मी फोनवर हे सांगितलं तर ते म्हणाले, "मी तुला चुकीचं सांगितलं होतं का गं?" मी त्यांना सांगितलं, तुम्हाला ज्यांनी तसं सांगायला लावलं ते चुकीचे होते. त्यांचं समाधान झालं नाही, माझंही नाही.

तुम्हाला दोन आठवड्यांहून जास्त खोकला असेल, संध्याकाळी ताप येत असेल, कपडे सैल होत असतील, तर आज जा आणि बेडका तपासून घ्या. औषधं फुकट मिळतात आणि पूर्ण घेतली की बहुतेक माणसं बरी होतात. आणि शेजारी कोण बसतं हे विचारलं की ज्याला सांगायची सगळ्यात जास्त लाज वाटते, त्याचं नाव आधी सांगा. माझ्याकडून शिकण्यासारखं एवढंच आहे.

दिवाळीच्या आधी मी सरोजिनी नगरला गेले. मार्केटच्या मागच्या गल्लीत, कपडे अल्टर करून देणाऱ्या एका दुकानात सुनीता बसते हे मला कळलं होतं. तिचा फोन माझ्यासाठी एप्रिलपासून बंद होता. वजन परत आल्यामुळे कुर्ते घट्ट झाले होते, त्यातला एक पिशवीत टाकून नेला. नुसतं जायची हिंमत नव्हती.

ती मशीनवर होती. बारीक झालेली, पण डोळे तेच. मला बघून उठली, टेप घेतली आणि छातीचं माप घेऊ लागली.

"वजन वापस आ गया आपका."

"तुम्हारा?"

"आ रहा है. कोर्स पूरा हो गया पिछले हफ्ते."

माफीचं वाक्य मी घरून पाठ करून आणलं होतं. ते सुरू केलं. तिनं दातात धरलेल्या टाचण्या काढून डबीत ठेवल्या.

"बीमारी का मैं कुछ नहीं कहती, मैडम. हवा की चीज है, आपको भी किसी ने दी होगी. मुझे बस एक बात पूछनी थी. उस दिन फोन पे मेरी खाँसी सुनी थी आपने?"

एकोणीस वर्षं मी खासदारांना उत्तरं लिहिली आहेत. विचारलेलं टाळून, खोटंही न बोलता, प्रश्न परत कसा पाठवायचा हे मला झोपेतही जमतं. आवाज तुटत होता, असं म्हणता आलं असतं. माझीच तब्येत इतकी वाईट होती, असंही म्हणता आलं असतं, आणि ते खरं होतं.

"सुनी थी," मी म्हणाले. "पहचान भी ली थी."

तिनं मान हलवली. तिला हे माहीत असावं, फक्त माझ्या तोंडून हवं होतं. तिनं कुर्त्याला खडूनं खूण केली, घडी घातली, वहीत माझं नाव लिहिलं.

"मंगल को ले जाना," ती म्हणाली, आणि माझ्या मागे उभ्या असलेल्या बाईसाठी मला बाजूला व्हायला सांगितलं.

मंगळवारी गेले तेव्हा एक वाजला होता. कुर्ता काउंटरवर तयार होता. आत पडद्याआड सुनीता पाठमोरी बसून डबा खात होती. मी तिला हाक मारली नाही, तिचं जेवण होईपर्यंत बाहेर उभी राहिले.